भिंतीतला ठेका

“आवाज उचलण्याआधी तो कुठून येतो ते बघून या,” क्लेटन सर म्हणाले होते, आणि आम्ही सगळे हसलो होतो. पाचूबंदरला मासळीच्या लिलावाचे आवाज टिपायला गेलो होतो तेव्हा. कॉम्प्युटरवर संगीत कसं करायचं ते शिकवणारा सरांचा शनिवारचा वर्ग आहे, त्याची ती पहिलीच बाहेरची फेरी. बोंबलाचा भाव ओरडणाऱ्या एका मावशीसमोर मी रेकॉर्डर धरला, तर ती मध्येच थांबून म्हणाली, “आवाज नेतंस माजा, आन मी कोन ते नको इचारू!” मी ओशाळले आणि पुढे सरकले. सर मात्र तिच्याशेजारी उकिडवे बसले; तिची बोट, तिचे गुडघे, तिची सून, सगळं विचारत राहिले. जॉयल म्हणाला, “सर, आपण सॅम्पल घ्यायला आलोय की स्थळ बघायला?” तेव्हा सर उठले, पँटवरची वाळू झटकली आणि ते वाक्य बोलले. वर म्हणाले, “आवाज म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चाललेलं असतं. नुसता कापून आणू नका.” मी मनात म्हटलं, ह्यांना काय होतंय बोलायला. ह्यांच्या घरी दीड वर्षाची मुलगी नाही. माझी ज्ञानू तिकडे नवऱ्याजवळ होती, सिद्धेशला ती कधी रडायला लागेल याचा अंदाज येत नाही, आणि मला लोकांच्या गुडघ्यांची चौकशी करायला वेळ नव्हता. मला आवाज हवे होते. माझे, मी निवडलेले, मी हवे तेव्हा बंद करू शकेन असे.

हे आठवलं ते दोन महिन्यांनी, सरांच्या त्या मागच्या खोलीत. वसई गावातलं त्यांचं घर जुनं आहे. खोलीत पूर्वी केळीचे घड पिकत ठेवायचे, आता भिंतींना गोधड्या टांगल्यात, तरी तो गोडसर कुबट वास गेलेला नाही. त्या शनिवारी प्रत्येकाने आपापला ट्रॅक ऐकवायचा होता. अट एकच, वाद्य नाही, आजूबाजूचेच आवाज. आधी जॉयलचा झाला. तो आगाशीच्या बाजारात फिरून आला होता. देवळाची घंटा, बसचा ब्रेक, आणि दाराची लोखंडी कडी कुठेतरी खुळखुळत होती तिचा त्याने बारीक, सतत वाजणारा ताल केला होता. सगळ्यांनी वाहवा केली. मग माझा लावला. गळणाऱ्या नळाचा थेंब, ज्ञानूच्या पैंजणाचा एक घुंगरू, मिक्सरचा शेवटचा गुरगुराट, आणि या सगळ्याच्या तळाशी तो ठेका. दोन ठोके, जरा दम, मग एक. दोन, दम, एक. खोलीतल्या माना आपोआप हलायला लागल्या. मला ते दिसत होतं आणि माझे कान गरम झाले होते; बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मी केलेल्या गोष्टीवर मान हलवत होतं आणि ती गोष्ट वरणभात नव्हती. लविना पुढे वाकून म्हणाली, “स्वप्नाताई, हे काय आहे? डफ नाही ना? चीटिंग नको हं!” मी म्हटलं, “भिंत आहे गं. आमच्या बाथरूमची भिंत.” सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, “मूळ फाइल आणलीय? लाव.”

मूळ फाइल म्हणजे गुरुवारची दुपार. ज्ञानू झोपली होती. नळाचा थेंब घ्यायचा म्हणून मी रेकॉर्डर बाथरूममध्ये स्टुलावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि बाहेर ज्ञानूजवळ येऊन आडवी झाले. वरच्या मजल्यावर आठवडाभर लाद्यांचं काम चालू होतं; ठोकाठोकीची इतकी सवय झालेली की ती थांबली तरच आम्ही वर बघायचो. माझ्या कानांचं एक सांगायला हवं. ज्ञानू झाल्यापासून ते माझे राहिलेले नाहीत. दोन दारांपलीकडे तिचा श्वास बदलला तर मी ताडकन उठते. गर्दीत कुठल्याही पोराने हुंदका दिला की मी तिकडे वळतेच. हेडफोन मी घरात कधी लावत नाही, न जाणो ती रडली आणि मला कळलंच नाही तर? सिद्धेश म्हणतो, तू आई नाहीस, वॉचमन आहेस. मला ते आवडतंही. सगळ्या जगात एका माणसाचं काहीही माझ्या कानातून निसटत नाही, असा एक ताठा आला होता माझ्यात. पण एकाच माणसाकडे लावलेला कान बाकी सगळ्यांच्या बाबतीत नुसतं भोक असतो, हे मला कुठे माहीत होतं? संध्याकाळी फाइल ऐकली, तर थेंबाच्या मागे हा ठेका. भिंतीतून आलेला, बोदा, ओलसर. आणि विचित्र म्हणजे ओळखीचा वाटला. ओळखीचा वाटला म्हणूनच आवडला. त्याच्याखाली एक खरखर होती, पाइपातल्या पाण्यासारखी, वरखाली होणारी. ती मी साफ केली. सरांनीच शिकवलेलं; नको त्या खरखरीचा एक तुकडा कॉम्प्युटरला दाखवायचा, मग तो तसलं सगळं पुसून टाकतो. मी दाखवला. त्याने पुसलं.

सरांनी मूळ फाइल लावली, आवाज चढवला, खालचा घुमारा कापला. पडद्यावर हिरवी रांग सरकत होती. दोन ठोके, दम, एक. मग त्या दमात, पाइपातल्या त्या पाण्यातून, एक बाई बोलली. “ज्ञानूचे आये.” ठोके. “ए ज्ञानूचे आये… पानी.”

मला वाटलं होतं अशा वेळी माणूस किंचाळत असेल. तसं काही झालं नाही. आधी माझ्या मनात आलं, काय पोत आहे आवाजाला. खरंच आलं, शपथ. जणू कुठल्याही दुसऱ्या बाईचा आवाज आहे आणि मी तो कुठे वापरू याचा विचार करतेय. मग समोरच्या गोधडीवरचं लाल ठिगळ इतकं जवळ आलं की त्याचे टाके मोजता आले असते. लविना अजून हसतच होती, तिचं हसू तोंडावर विसरून राहिलं होतं. जॉयल म्हणाला, “कोण आहे?” आणि मी सांगितलं, “रंभामावशी,” अगदी सहज, ओळख करून द्यावी तशी. “आमच्या शेजारच्या. एकट्याच असतात.” सरांनी फाइल थांबवली. “कधीचं आहे हे?” “परवाचं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

रंभामावशींचा फोन वाजत राहिला. वाजून बंद झाला. सिद्धेशला लावला. “अरे, मावशींचं दार वाजव. आत्ता.” “कशाला? ज्ञानूला भरवतोय मी.” “तिला घेऊन जा, कडेवर घे, पण जा!” चपलांचा आवाज, आमच्या दाराची खिट्टी, मग दूरवर त्यांची बेल, पुन्हा बेल. “नाहीयेत गं. प्रितेशकडे गेल्या असतील.” प्रितेश त्यांचा मुलगा, डहाणूकडे कुठल्याशा साईटवर आठवडाभर असतो, शनिवारी रात्री येतो. “सिद्धेश, त्या बाथरूममध्ये आहेत. पडल्यात.” “तुला कसं माहीत?” याचं उत्तर माझ्याजवळ होतं, समोरच्या पडद्यावर थांबलेल्या त्या हिरव्या रांगेत. मी म्हटलं, “दार तोडा.”

जॉयलच्या स्कूटरवर मागे बसून आले. गास गावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मिठागरं लागतात, तिथे वारा कानात शिरतो आणि दुसरं काही ऐकू येत नाही. तो रस्ता मला आवडायचा त्यासाठीच. त्या दिवशी वाऱ्यातही ठेका होता. दोन, दम, एक. आणि तिथेच, त्या उघड्या पांढऱ्या पाण्याच्या मधोमध, मला तो ओळखू आला. मावशी दार अशाच वाजवायच्या. मीच शिकवलं होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा ज्ञानू दोन महिन्यांची, आणि या बाई दिवसातून चार वेळा बेल दाबायच्या. खाडीकाठच्या त्यांच्या गावात दारं उघडीच असायची. जमीन बिल्डरला गेल्यावर मुलाने त्यांना चौथ्या मजल्यावर आणून ठेवलेलं, आणि बंद दार ही गोष्ट त्यांना कधीच समजली नाही. “सुकेळी आनली आगाशीची, पोरीला चोखायला दे.” पोरीला दात नाहीत, मावशी! “मंग तू खा. तुज्या अंगावर पितंय ना ती?” एकदा तर न विचारता ज्ञानूला उचलून पायावर पालथी घातली आणि पाठीवर थोपटत राहिल्या, ती गप्प झोपली आणि मी दिवसभर धुमसत राहिले. त्यांच्या हाताला मातीचा वास असायचा, कुंड्यांमध्ये सतत काहीतरी उकरायच्या. मी हात धुवायला सांगितलं, तर निमूट धुतले. मग मी म्हटलं, “मावशी, बेल नका वाजवत जाऊ, ज्ञानू दचकते. हळूच टकटक करा. मी ऐकते, माझे कान तिखट आहेत.” त्या हसल्या. “दोन मारीन आन थांबीन. मंग एक. कांडनाची सवंय हाय हाताला, लग्नाचं तांदूल कांडताना आसंच पडतं मुसल. जमंल ना?” दोन मारायच्या, दम घ्यायचा, मग एक. वर्षभर तो ठेका माझ्या दारावर पडत होता, आणि कितीतरी दुपारी मी तो ऐकूनही पडून राहिले होते, श्वास रोखून, झोपल्याचं सोंग घेऊन, जाऊ देत परत म्हणून. जायच्या. टकटक थांबायची, चपला फरफटत जायच्या. माझ्या डोक्यात त्या ठेक्याची ही जागा होती: थोडा वेळ ऐकायचा आणि मग तो आपोआप थांबतो. जॉयल समोरून ओरडून विचारत होता, “ताई, डावीकडे का सरळ?” मी हात पुढे करून दाखवत होते, सरळ, सरळ.

पोचले तेव्हा त्यांचं दार बिजागरीतून सुटून लोंबत होतं आणि जिन्यात लोक उभे होते, इतके लोक या मजल्यावर राहतात हे मला पहिल्यांदाच कळलं. ज्ञानू सिद्धेशच्या कडेवर, तोंडाला भात. तिने माझ्याकडे हात पसरले. मी तिला घेतलं नाही. मी तिला घेतलं नाही असं आजवर कधी झालेलं नव्हतं. आत मावशींना चादरीवर घेत होते. चेहरा वाळलेल्या चिकूसारखा, ओठांना भेगा, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. उजव्या हातात स्टीलचा तांब्या होता, तो सोडवायला वॉचमनला एकेक बोट उघडावं लागलं. तांब्याच्या कडेला चेप पडला होता, आणि भिंतीवर, माझ्या भिंतीवर, पलीकडच्या बाजूने, टाइलचा टवका उडाला होता. कोणीतरी म्हणालं, “भिजत घातलेला परकर पिळून पिळून प्यायलीय म्हातारी. म्हणून आहे.” मी तो टवका बघत उभी राहिले. त्याच्या बरोब्बर मागे माझं स्टूल.

आणि मग मला शुक्रवार आठवला. शुक्रवारी मी काय केलं ते मघाशी सांगितलं नाही. मुद्दाम नाही, तोवर ते माझ्या लेखी काहीच नव्हतं. आवाजाला घुमारा हवा असेल तर कॉम्प्युटरच्या नादी लागू नका, सर म्हणायचे. बाथरूममध्ये स्पीकर ठेवा, तिथे वाजवा आणि दारातून पुन्हा टिपा, खऱ्या भिंतींचा घुमारा मिळेल. मी तसंच केलं. ठेका एकसारखा फिरता केला, स्पीकर स्टुलावर ठेवला, तोंड भिंतीकडे, आवाज पूर्ण. बराच वेळ वाजवला. दारात ज्ञानूला घेऊन उभी राहिले, ती टाळ्या वाजवत होती. दोन, दम, एक. आम्ही दोघी नाचलो.

हॉस्पिटलमध्ये मला आत सोडलं ते दोन दिवसांनी. प्रितेश बाहेर बाकावर बसला होता, मला बघून उठला, हात जोडले. “वहिनी, तुम्ही नसता तर…” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, पण खरं काय तेही सांगितलं नाही. मावशी उशांवर रेललेल्या, खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मला बघून आधी माझ्या मागे बघितलं. “पोर नाय आनली?” “इथे लहान मुलांना सोडत नाहीत, मावशी.” “बरां झालां. कसला वास हाय हितं, बाटली फुटल्यागत.” मग माझा हात धरला. त्यांच्या बोटांना अजून तो तांब्या धरल्यासारखा वळसा होता. आवाज घशातून घासत येत होता, मी वाकले.

“पहिल्या दिशी लय मारलं मी. कोन आयकंना. मना वाटलं, गेली आता रंभा. आन दुसऱ्या दिशी तू वाजवलंस ना, हिकडनं.”

मी त्यांच्या चादरीची कड सारखी करत राहिले.

“तंसच. दोन आन एक. आगं, माजंच. मी म्हटलं, बघ, आयकलं हिनं. पोर तिखट कानाची हाय. आता मानसं आनंल, दार उघडंल. लय येल वाजवत हुतीस, मना धीर यावा म्हनून. मी रडली बघ.” त्या हसल्या, ओठाची भेग उघडली, मी पदराने टिपली. “मंग मी हात थांबवला. म्हटलं, आता कशाला बडवायचं. दुपारची येल. पोर निजली आसंल.”

त्या दिवसापासून मी ट्रॅक उघडलेला नाही आणि पुसलेलाही नाही. प्रितेशने मावशींना त्यांच्या बहिणीकडे गावी नेलंय. तिथे दार उघडंच असतं म्हणे. फोनवर त्या ज्ञानूचा आवाज ऐकव म्हणतात, मी फोन तिच्या तोंडाशी धरते आणि स्वतः बोलायची वेळ आली की गॅसवर दूध आहे सांगते. सिद्धेश म्हणतो, वाचल्या ना त्या, किती दिवस कुरतडत बसणार? त्याचं बरोबर असेल. वरच्या लाद्यांचं काम संपलंय. आता कुठेही काही ठोकलं की मी जाऊन बघते. इमारतीत दोघीतिघींनी मला तोंडावर भोचक म्हटलंय. ज्ञानू झोपेत कुशीवर वळली तर मात्र हल्ली मला कधीकधी कळत नाही. कानांची काहीतरी अदलाबदल झाली आहे.

आणि त्यातूनच हे दुसरं निघालं. वर्गातल्या सगळ्यांच्या मूळ फाइली एका जागी ठेवलेल्या असतात, कुणीही घ्याव्यात म्हणून. मी त्या ऐकत सुटले, हेडफोन लावून. जॉयलची आगाशीची फाइल मी आता तोंडपाठ म्हणू शकेन. घंटा, भाजीवाल्याचं बोलणं, आणि ती लोखंडी कडी. खुळखुळते, खुळखुळते. मग बस येते, ब्रेक लागतो, कंडक्टर घंटी मारतो, इंजिनाची घरघर सगळं झाकून टाकते. आणि त्या घरघरीच्या खाली, आवाज कितीही चढवला तरी, कडी वाजत नाही. बस निघून जाते. जरा शांत होतं. मग कडी पुन्हा सुरू होते. जॉयलला ऐकवलं तर तो म्हणाला, “वारा असेल, ताई.” मी म्हटलं, वारा बस जायची वाट बघतो का रे?  तो मला स्कूटरवर बसवून आगाशीला घेऊन गेला. आम्ही बाजार पालथा घातला. त्याला गल्ली आठवेना. चालता चालता हात लांब करून घेतलेला आवाज, तो कशाला बघतोय कुठलं दार ते? जुन्या कड्यांची दारं तिथे पुष्कळ आहेत. कित्येक वाजवली. एका घरात आजोबांनी चहा दिला, एका घरातून कुत्रं अंगावर आलं. काही दारांना बाहेरून कुलपं होती, आणि शेजारचे म्हणाले, इथे कोणी राहत नाही. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, आम्हाला तरी कोणी दिसलेलं नाही.

तुम्ही तिकडचे असाल तर ऐका. आगाशीचा बाजार, बसचा थांबा जवळ असावा, देवळाची घंटा डावीकडून येते. आत कोण आहे, बाई आहे की पुरुष, मला सांगता येणार नाही. आवाजावरून एवढंच कळतं की हाताला घाई नाही, आणि गाडीच्या आवाजात कुणी ऐकणार नाही हे त्या माणसाला माहीत आहे. माझं चुकत असेल. चुकत असूदे. हे खाली ठेवा आणि जा, प्लीज, बघून या.